वॉशरच्या टाकीत साधं पाणी पुरत नाही

गाडीची पुढची काच धुणाऱ्या टाकीबद्दल एक सल्ला सर्रास फिरतो: ‘विकतचं वॉशर लिक्विड म्हणजे उधळपट्टी, नळाचं पाणी भरा. वास आलाच तर भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब किंवा झाकणभर ब्लीच टाका. पाणी काचेवर पडतं, पोटात थोडंच जातं!’

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात घातक आहे. पाणी पोटात जात नाही, पण श्वासात जातं. नोझलमधून उडताना त्याचे बारीक तुषार होतात आणि केबिनमध्ये हवा ओढणारी जाळी बहुतेक गाड्यांत काचेच्या पायथ्याशी, वायपरजवळच असते. म्हणून तर पाणी मारताच आत कुबट वास येतो. लेजिओनेला हा जिवाणू अशाच तुषारांतून फुप्फुसात शिरतो आणि गंभीर न्यूमोनिया होऊ शकतो. साधारण 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या साचलेल्या पाण्यात तो वाढतो आणि बॉनेटखाली ते तापमान सहज मिळतं. इंग्लंड-वेल्समधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. वॉशरमध्ये नुसतं पाणी असलेल्या गाडीतला प्रवास आणि हा आजार यांचा संबंध त्यात दिसला. प्राथमिक तपासणीत अशा दर पाच गाड्यांपैकी एकीत लेजिओनेलाचे अंश सापडले, स्क्रीनवॉश (म्हणजे विकतचं वॉशर लिक्विड) घातलेल्या एकाही गाडीत नाही. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मान्य. तरी एवढ्या स्वस्तात टळणारा धोका अंगावर का घ्यायचा?

‘नळाचं पाणी शुद्धच असतं.’ भरताना असेल. त्यातलं क्लोरीन टिकत नाही, मग टाकीच्या भिंतींवर बुळबुळीत थर धरतो. पंप काढून पाहा: त्याच्या तोंडाशी रबरी बुशात बसवलेली छोटी जाळी काळपट-हिरव्या शेवाळी गोळ्याने गच्च भरलेली दिसेल. पंप घुंघुं करतो, काचेवर थेंब येत नाही, आणि आपण नवा पंप घेऊन बसतो. पाणी जड असेल तर नोझलमध्ये क्षार साचतात ते वेगळंच.

भांड्यांच्या लिक्विडने फेस होतो आणि काचेवर पातळ थर राहतो. रात्री समोरून दिवे आले की तो चकाकतो. बुरशी त्याने थांबत नाही.

ब्लीच मात्र अजिबात नको. रबर, पंप आणि रंग खराब होतातच, पण टाकीत आधीचं अमोनियावालं ग्लास क्लीनर उरलं असेल तर क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात आणि व्हिनेगर असेल तर क्लोरीन.

विकतचं लिक्विड तरी रामबाण आहे का? नाही. काही लिक्विडमध्ये लेजिओनेला महिनोन्‌महिने जगतो, असं अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांना 2014 मध्ये दिसलं. वरून पाणी ओतत राहिलं की त्यातलं अल्कोहोल आणखी पातळ होतं, म्हणून बाटलीवरचं प्रमाण पाळा. बऱ्याच लिक्विडमध्ये मिथेनॉल असतं, ते प्यायल्यास विषारी. बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

टाकीला वास येत असेल तर त्यावर नवं लिक्विड ओतू नका. टाकी पूर्ण रिकामी करा, पंप आणि जाळी काढून ब्रशने घासा, कोमट पाण्याने टाकी आणि नळ्या स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवा. हे करताना मास्क लावा, कारण तुषार तेव्हाही उडतात.