नेफा, नाडी आणि ‘नम्र वाचक’

मागच्या महिन्यातल्या ‘आवळपट्टा शिवताना’ या लेखाखाली ‘नम्र वाचक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. लेख न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. जखमेतून रक्ताची धार लागली की हाताला किंवा पायाला जखमेच्या वर जो पट्टा करकचून आवळतात, डॉक्टरमंडळी ज्याला टूर्निके म्हणतात, तो मी आमच्या कारखान्यात शिवून पाहिला. गडांवर अपघात झाला की मदतीला धावणारी काही मुलं माझ्याकडून सॅक आणि स्लिंग नेतात, त्यांनीच मागितला होता. कसा शिवला, कुठे फसला, भाचीच्या मांडीवर बांधून कसा तपासला, याची ती हकीकत होती.

प्रतिक्रिया चारच वाक्यांची आहे, म्हणून जशीच्या तशी देते:

“पेतीने टूर्निके शोधला हे चूक, त्याच्या आधी मोरेलने वापरला होता. एक इंची पट्ट्याने मांडीतली धमनी बंद होत नाही, शिरा तेवढ्या बंद होतात आणि रक्त उलट जास्त जातं. भाचीच्या पायाची नाडी बोटाने बघणं ही चाचणी नव्हे, डॉप्लर लावा आणि जाड मांडीवर बघा. शिवणयंत्र चालवणाऱ्यांनी पिशव्या शिवाव्यात, रक्तवाहिन्यांच्या नादी लागू नये.”

(डॉप्लर म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह टिपणारं यंत्र.)

पहिलं वाक्य मान्य. एतिएन मोरेल या फ्रेंच लष्करी शल्यविशारदाने १६७४ मध्ये बेझाँसोंच्या वेढ्यात पट्ट्यात काठी घालून पिळली. फ्रेंच सर्जन झां-लुई पेतीचा स्क्रू फिरवून आवळायचा पट्टा आला १७१८ मध्ये. मी ‘शोध’ लिहिलं, ‘सुधारणा’ लिहायला हवं होतं. चूक झाली, दुरुस्त केली. कुणी चूक दाखवली तर मी मान्य करते, हे इथले जुने वाचक जाणतात. आपण नवीन दिसता.

आता चौथं वाक्य.

ते मी सकाळी वाचलं, दुपारी जेवताना वाचलं आणि रात्री मशीनवर कव्हर घालताना पुन्हा वाचलं. ‘शिवणयंत्र चालवणाऱ्यांनी.’ नाव ‘नम्र’ घ्यायचं आणि भाषा ही! माझ्या चुका काढायला आपल्याला पूर्ण मुभा आहे. पण मशीनवर बसणाऱ्या माणसाला शरीरातलं काय कळणार, हा जो सूर आहे तो चुकीचा तर आहेच, शिवाय अडाणीपणाचा आहे. अडाणीपणाचा का, ते सांगते.

आपण कधी परकराच्या नेफ्यात नाडी ओवली आहे का? नसेलच. नेफा जागच्या जागी राहतो आणि नाडी आतून सरकते, म्हणून गाठ एका जागी मारली तरी परकर कमरेला सगळीकडून सारखा बसतो. तीच नाडी नेफ्याशिवाय नुसती कापडावरून बांधून बघा. जिथे ओढाल तिथे रुतते आणि पाठीमागे ढिली राहते. साधा पट्टा बकलातून ओढून मांडीला आवळला की नेमकं हेच होतं. बकलाच्या बाजूला कातडीला चिमटा बसतो, पँटला सुरकुत्या पडतात आणि पलीकडच्या बाजूला निम्माही ताण पोहोचत नाही. मधल्या मधे घर्षण तो खाऊन टाकतं.

अमेरिकी सैन्याने २००५ पासून आपल्या सैनिकांना जो दांडीवाला पट्टा दिला, तो मी एका गिर्यारोहक मित्राकडून मागून आणला आणि टेबलावर ठेवून उसवला. (मित्राने त्याबद्दल अजून मला माफ केलेलं नाही.) आत काय निघालं? पट्ट्याच्या आत दुसरी पट्टी. बाहेरची जागेवर राहते, आतली दांडीला बांधलेली. दांडी फिरवली की आतली सरकते आणि अंगाभोवती सगळीकडून एकसारखी आवळत जाते. म्हणजे नेफा आणि नाडी! हे पाहिल्यावर माझ्याकडच्या सहा बायका एकदम हसल्या. त्यातली एकही सातवीच्या पुढे शिकलेली नाही आणि पट्टा कसा काम करतो ते मला एकीलाही समजवावं लागलं नाही. आपल्याला समजवावं लागतंय.

माझा पहिला नमुना कुठे फाटला, तेही लेखात होतं. आपण तिथपर्यंत पोहोचला होतात की नाही, कळायला मार्ग नाही. आतली पट्टी दांडीला जिथे जोडली तिथे मी जोर यावा म्हणून चौकोनात फुली मारून त्यावर दोनदा बारटॅक, म्हणजे एकाच जागी दाट टाक्यांची ओळ, मारला होता. तिसऱ्या पिळाला पट्टी तिथेच तुटली. धागा शाबूत होता. निवारच सुईच्या भोकांच्या ओळीवरून फाटली, पोस्टाच्या तिकिटासारखी. बावीस नंबरची जाड सुई आणि अगदी दाट टाके. मजबुतीसाठी जास्त शिवलं की माल कमजोर होतो, ही गोष्ट कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयात शिकवत नसावेत. आता टाके लांब केले, एक बारटॅक काढला, पट्टी टिकते.

आणि ‘रक्तवाहिन्यांच्या नादी’ म्हणाल, तर आमचं घर १९६४ पासून त्या नादी लागलेलं आहे. माझे वडील एका सरकारी रुग्णालयात ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस होते, एकतीस वर्षं. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायचे. थिएटरच्या मागच्या बाजूला दोरीवर तपकिरी रबराच्या लांबच लांब पट्ट्या धुऊन वाळत घातलेल्या असायच्या. वडील त्यांना पावडर लावून गुंडाळून ठेवायचे, नाहीतर रबर चिकटतं. ते त्यांना ‘इस्मार’ म्हणत. एस्मार्क हे एका जर्मन सर्जनचं नाव आहे आणि रबरी पट्टीची ती रीत त्याने १८७३ मध्ये मांडली, हे त्यांना निवृत्त झाल्यावर माझ्याकडून कळलं. हवा भरून आवळायचा पट्टा अमेरिकी सर्जन हार्वी कुशिंगने १९०४ मध्ये आणला, पण वडिलांच्या थिएटरमध्ये हवेच्या पट्ट्याचा पंप बिघडलेला असला की इस्मारच. पायाच्या टोकापासून वर गुंडाळत न्यायचा म्हणजे रक्त वर ढकललं जातं आणि सर्जनला कोरडी जागा मिळते.

वडिलांचं मुख्य काम मात्र पाटीचं. पट्टा बसला की भिंतीवरच्या पाटीवर खडूने वेळ लिहायची आणि नजर घड्याळावर ठेवायची. ‘साहेब, एक तास झाला.’ ‘साहेब, दीड तास.’ दोन तासांच्या पुढे जायचं नाही, हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलेलं आहे की आमच्या घरी कुकर लावला तरी कोणीतरी भिंतीवर वेळ लिहायचं. माझ्या पट्ट्यावर पांढऱ्या कापडाचा तुकडा शिवलेला आहे तो त्या पाटीसाठी. त्यावर बॉलपेन उठत नाही, स्केचपेन पावसात ओघळतं, कपड्यांवर खुणा करायचं तेलकट मार्कर टिकतं. हे मी आषाढातल्या पावसात गच्चीवर उभी राहून पाहिलेलं आहे. आपण आपल्या खुर्चीतून उठून काय पाहिलंत?

असो. तोल जातोय, आवरते.

दुसरं वाक्य. एक इंची पट्टा हा पहिला नमुना होता आणि त्याचाच फोटो लेखात राहिला. दुसरा नमुना दीड इंचाचा आहे, हे खाली लिहिलेलं होतं. फोटो बघून प्रतिक्रिया लिहायची पद्धत असेल तर माझा नाइलाज आहे. अरुंद पट्ट्याला दाब जास्त लागतो हे मला ठाऊक आहे. जाड दंडाला लहान पट्टा लावून बीपी मोजलं की आकडा उगाच जास्त येतो, त्याचंच हे भावंड. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरने १८९६ मध्ये बीपीचा पट्टा अरुंद बनवला होता आणि पाच वर्षांत दुसऱ्याला तो रुंद करावा लागला. गणितही मी केलं होतं. मांडीचा घेर ५४ सेंटिमीटर, पट्टा ३८ मिलिमीटरचा आणि कातडीवर २५० मिलिमीटर पाऱ्याचा दाब हवा, तर पट्टीत साधारण अकरा किलोचा ताण लागतो. पट्टा एक इंचाचा घेतला तर कागदावर साडेसात किलोच दिसतो आणि माणूस फसतो, कारण अरुंद पट्ट्याचा दाब मांसात खोलवर उतरतच नाही आणि २५०वर भागत नाही. मी स्वतः एक दिवस फसले होते. एक दिवसच.

‘रक्त उलट जास्त जातं’, हे आपण मला शिकवताय? २००४ मध्ये मी ज्या बॅगांच्या कारखान्यात सुपरवायझर होते तिथे कापड कापायच्या मशीनचं पातं एका मुलाच्या मनगटाच्या वर फिरलं. कापडाचे थर टेबलावर होते, सगळे लाल झाले. आधी कापड दाबून धरलं, थांबेना. मी हाताशी होता तो सॅकचा पट्टा त्याच्या कोपराच्या खाली बांधला आणि बकल ओढलं. रक्त वाढलं. खरंच वाढलं, आधीपेक्षा जास्त आणि काळसर, आणि पट्ट्याखालचा हात बघता बघता फुगला. मला वाटलं आपल्या हातून पोरगं गेलं. मग कोणीतरी स्क्रूड्रायव्हर दिला, तो पट्ट्यात खुपसून पिळला. एक पीळ, दोन पीळ, तिसऱ्याला थांबलं. पोरगं ओरडत होतं, ते चांगलं लक्षण होतं. रिक्षात घालून नेलं. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कधी बांधलं?’ आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी, पाटीवाल्याची मुलगी!

त्या कारखान्यात प्रथमोपचाराची पेटी नावाला होती. आत आयोडीन आणि कोणाच्या तरी चपलेचा अंगठा.

तर अर्धवट आवळलेला पट्टा न बांधलेल्यापेक्षा वाईट, हे मी वीसेक वर्षांपूर्वी हातावर रक्त घेऊन शिकले आहे. शिरांमधला दाब कमी असतो, त्या आधी बंद होतात. धमनी आतून रक्त ढकलतच राहते, परतीची वाट बंद, म्हणून ते जखमेतून बाहेर येतं. आपल्या एका वाक्यात आपण ते लिहिलंत, मान्य, वाक्य बरोबर आहे. पण ते मला ऐकवायची गरज नव्हती.

तिसरं वाक्य राहिलं. डॉप्लर. डॉप्लर माझ्याकडे नाही, कोणी उसना दिला नाही. भाचीची मांडी बारीक आहे हे आपल्याला कोणी सांगितलं? (बारीक आहे.) पावलावरची नाडी बोटाला लागेनाशी झाली तेव्हा मी थांबले, आणि ती कुठल्या पिळाला लागेनाशी झाली ते लिहून ठेवलं आहे. बोटाला न लागणं आणि रक्त खरंच थांबणं यात फरक असतो वगैरे चर्चा मोठी आहे. त्यावर सवडीने कधीतरी.

एक सांगते, म्हणजे उगाच कोणी घाबरून पट्टा फेकून देऊ नये. २००६ मध्ये बगदादच्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात असा पट्टा बांधलेल्या २३२ जखमींची नोंद ठेवली गेली. रक्त जाऊन शॉकमध्ये, म्हणजे रक्ताभिसरण कोलमडण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी ज्यांना पट्टा बांधला त्यांच्यातले ९० टक्के वाचले, शॉकमध्ये गेल्यावर बांधला त्यांच्यातले १० टक्के. म्हणजे सगळा खेळ पहिल्या काही मिनिटांचा, आणि राजगडाच्या कड्याखाली त्या मिनिटांत ना आपण असणार ना आपला डॉप्लर. तिथे सॅकमध्ये पट्टा असलेला वीस वर्षांचा पोरगा असणार. त्याच्या हातात काय द्यायचं, एवढाच माझा प्रश्न होता. त्याला विकतचा, तपासलेला पट्टा मिळत असेल तर त्याने तोच घ्यावा, हेही लेखात होतं. आपल्याला दिसलं नाही.

आपल्या खाली आणखी एकांनी विचारलंय, साप चावल्यावर हा पट्टा चालेल का. दादा, अजिबात नाही. घोणस असो, फुरसं असो, नाग असो, आवळायचं काहीही नाही. हात-पाय हलू न देता सरळ रुग्णालय. तुम्ही विचारलंत हे बरं केलंत, आणि किती साध्या शब्दांत विचारलंत!

फोटो बदलला आहे. आता दीड इंचीचा आहे. दोन इंची निवार मंगळवारी बोहरी आळीतून आणली, तिचाही एक नमुना शिवते आहे, तो माझ्या मेहुण्यांच्या मांडीवर बघणार. त्यांचा घेर ६८ सेंटिमीटर आहे आणि ते अजून तयार झालेले नाहीत. पेतीचं वाक्य दुरुस्त केलं आणि लेखाच्या शेवटी आभाराच्या ओळीत ‘एक वाचक’ असं लिहिलं आहे. ‘नम्र’ गाळलं.