विदूषकाचे अश्रू पुरे, कराराचं बोला

तो फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. एक उदास माणूस डॉक्टरकडे जातो. डॉक्टर सांगतो, गावात ग्रिमाल्डी नावाचा विदूषक आलाय, त्याचा खेळ बघून या, बरं वाटेल. माणूस म्हणतो, डॉक्टरसाहेब, मीच तो ग्रिमाल्डी. खाली हात जोडलेले आणि डोळे पाणावलेले इमोजी.

माझं या गोष्टीशी जुनं भांडण आहे. 'जगाला हसवणारा आतून रडत असतो' असं एकदा म्हणून टाकलं की त्याला रडवलं कुणी हे विचारायची गरजच उरत नाही. दुःख त्याच्या स्वभावात होतं, कलेत होतं, नशिबात होतं. मालकाच्या करारात होतं असं मात्र कुणी म्हणत नाही.

लंडनचे म्युझिक हॉल घ्या. 1852 साली चार्ल्स मॉर्टनने लॅम्बेथमधल्या आपल्या दारूच्या दुकानाला जोडून कँटरबरी हॉल काढला आणि पुढच्या पन्नास वर्षांत असे हॉल इंग्लंडभर झाले. एकाच रात्री गाणी, नकला, कसरती, जादू, सगळं. समोर लोक खातायत, पितायत, आवडलं नाही तर हुर्यो उडवतायत. नाव झालेली मंडळी एका रात्रीत तीन-तीन, चार-चार हॉल करायची. इथलं संपलं की घोडागाडीत बसायचं आणि पुढचा हॉल गाठायचा.

यातला माझा सगळ्यात लाडका डॅन लेनो. खरं नाव जॉर्ज गॅल्विन, जन्म 1860 चा. आईबाप याच धंद्यातले, त्यामुळे पोरगं चार वर्षांचं व्हायच्या सुमारास रंगमंचावर उभं. 1880 साली लीड्समध्ये लाकडी बुटांच्या नाचातला जगज्जेता ठरला. 1885 साली आठवड्याला पाच पौंडांवर लंडनला आला, तर तिथल्या लोकांना नाचापेक्षा त्याची विनोदी गाणीच जास्त भावली. मग त्याने बोलण्यावर भर दिला. गाणं नावापुरतं, खरी मजा मधल्या बडबडीत. लुगड्याचा पदर खोचून नळावर गप्पा हाणणारी बाई डोळ्यासमोर आणा, तशी तो स्टेजवर रंगवायचा ती बाई. धावत पुढे यायची आणि एकदम, 'तुम्हाला मिसेस केली माहितीये ना?' असं विचारून त्या कधीही न दिसणाऱ्या मिसेस केलीचं सगळं घर समोर उभं करायची. 1888 पासून दर नाताळात लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहाच्या भव्य खेळात तो हटकून असायचा. 1901 साली राजासमोर त्याचा खासगी खेळ झाला. 1903 साली मनाचा तोल गेला. 1904 साली गेला, वय 43.

बघा, विदूषकाचं दुःख! असं म्हणायला आपण मोकळे. पण चाळीस वर्षांत हा माणूस थांबला कधी? नाताळचा तो खेळ दिवसातून दोनदा, आठवडेच्या आठवडे चालायचा. वरून इतर हॉल होतेच. त्याच्या शेवटाचं खरं कारण सांगणारा मी कोण डॉक्टर! पण चार वर्षांच्या पोराला जुंपणाऱ्या धंद्याचा त्यात काहीच हात नाही, हे मला पटत नाही.

चॅप्लिनची गोष्ट तर सगळ्यांना पाठ. 1894, ऑल्डरशॉट. आई हॅना गाताना तिचा आवाज फाटला, समोरच्या सैनिकांनी गोंधळ घातला आणि मॅनेजरने पाच वर्षांच्या चार्लीला पुढे केलं. दौलतजादा सुरू झाला तसं पोराने गाणं थांबवलं आणि आधी पैसे गोळा करतो म्हणाला. आपण इथे हसतो आणि 'जन्मजात कलाकार' असं लिहितो. मी त्या बाईकडे बघतो. आवाज गेला म्हणजे काम गेलं. 1896 साली ती दोन्ही पोरं घेऊन लॅम्बेथच्या अनाथ-गरिबांच्या सरकारी आश्रयघरात. बापही गायकच, दारूने चाळिशीच्या आत गेला. चॅप्लिननेच पुढे लिहून ठेवलंय की खेळ संपल्यावर कलाकाराने बारमध्ये जाऊन गिऱ्हाइकांबरोबर प्यावं अशी अपेक्षाच असायची. हॉलचा गल्ला तिथेच भरायचा ना!

आता गायिका मेरी लॉइड. लंडनमधल्या हॉक्स्टनची, 1870 चा जन्म. तिच्या डोळे मिचकावण्याने साधं गाणंही चावट व्हायचं. तिच्यावरच्या लिखाणात काय असतं? फसलेले संसार, मारणारा नवरा आणि 1922 साली एडमंटनला ती स्टेजवर खरोखरच झोकांड्या खात असताना तो अभिनय समजून हसणारे लोक. झालंच, पुन्हा रडणारा विदूषक. 1907 मात्र दोन ओळींत उरकतात.

त्या जानेवारीत लंडनच्या हॉलमध्ये संप झाला. मालकांनी दुपारचे जादा खेळ वाढवले होते, त्याचे पैसे द्यायची तयारी नव्हती. शिवाय करारात अट, की आमच्याकडे काम केलंत तर आसपासच्या दुसऱ्या हॉलमध्ये अमुक काळ उभं राहायचं नाही. वादक आणि पडदे ओढणारे कामगारही संपात होते. मेरीला स्वतःला काहीच कमी नव्हतं, ती म्हणेल तो आकडा मालक देत. तरी ती संपकऱ्यांबरोबर हॉलच्या दारावर उभी राहिली. आमच्यासारखे अटी घालू शकतात, हा लढा आठवड्याला तीस शिलिंगांवर राबणाऱ्यांसाठी आहे, अशा अर्थाचं ती जाहीरपणे बोलली. शेवटी जॉर्ज ॲस्क्विथ यांनी लवाद म्हणून निवाडा दिला आणि कलाकारांच्या पदरात बरंच काही पडलं.

सांगतात की त्या वेळी बेल एल्मोर नावाची सुमार गायिका संप मोडून आत निघाली, तर मेरी म्हणाली, जाऊ द्या तिला, ती गायली की हॉल आपोआप रिकामा होईल! हीच बेल म्हणजे खुनाच्या खटल्याने गाजलेल्या डॉक्टर क्रिपेनची बायको. 1910 साली तिचा खून झाला तेव्हा नवऱ्याच्या थापांवर विश्वास न ठेवता स्कॉटलंड यार्डपर्यंत पाठपुरावा केला तो म्युझिक हॉलच्या बायकांच्या संघटनेतल्या मैत्रिणींनी. बेल त्या संघटनेची खजिनदार होती. या धंद्यातली माणसं एकमेकांना कशी धरून होती हे मला या एका प्रकरणातून जेवढं कळलं तेवढं कुठल्या चरित्रातून कळलं नाही.

1912 साली राजाराणींसमोर म्युझिक हॉलचा पहिला शाही खेळ झाला. जवळपास सगळे बडे कलाकार होते, मेरी लॉइडला बोलावणं नव्हतं. कारण चावटपणा, की संपाचा राग, यावर अजून वाद घालतात. मला विचाराल तर दोन्ही, आणि दुसरं थोडं जास्त. गंमत म्हणजे त्या खेळाचा पैसा थकलेल्या कलाकारांच्या मदत निधीला गेला. त्यांच्यासाठीचं ट्विकनहॅमचं ब्रिन्सवर्थ हाउस आजही चालू आहे आणि दरवर्षीच्या शाही खेळाची कमाई अजून त्याच कामाला जाते.