बाभळीखालची टोळी

कंपनीत मी नेमकं काय करतो, हे नानांना गेली पंधरा वर्षं समजावून सांगतोय. "लोकांनी वेळेवर काम केलं का नाही, ते बघायचं," असं म्हटलं की नाना म्हणतात, "म्हणजे मुकादम." यावर माझ्याकडे उत्तर नसल्यामुळे मी पाऊसपाण्याची चौकशी करतो.

निफाड तालुक्यात आमची दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे. नाना बागेत, मी हिंजवडीत, आणि मधे दोनशेहून जास्त किलोमीटर. त्यातलं चाकण तर वेगळंच मोजायला हवं. त्यामुळे बाग मला फोनवरच कळते. "नाना, छाटणी झाली का?" "चालूये." "कितीशी झाली?" "होईल." आमच्या धंद्यात 'होईल' या शब्दाला थारा नाही. किती टक्के, कोणाकडे आणि कधीपर्यंत, एवढं तरी पाहिजे. दसऱ्याला घरी गेलो तो कामं नोंदवायचं ॲप घेऊनच. ऑफिसात आम्ही तेच वापरतो. तीन रकाने: करायचं, चालू, झालं. उशीर झालेलं काम लाल होतं, झालेलं हिरवं. पुण्यात बसून बाग जागच्या जागी, त्या क्षणाला दिसणार.

"याला कानबान म्हणतात नाना. जपानी शब्द आहे. टोयोटाच्या कारखान्यातून आलंय. प्रत्येक कामाची चिठ्ठी करायची आणि काम पुढे गेलं की चिठ्ठी पुढे सरकवायची."

नानांनी अडकित्ता थांबवला. "चिठ्ठी सरकवणाऱ्याला रोज किती देतात?"

मी दुर्लक्ष केलं. रात्री जागून हिशेब मांडला. नऊ बाय पाचची लागवड म्हणजे एकरी ९६८ वेली. वेलीगणिक चिठ्ठी करण्याचा मोह झाला होता, पण बायकोने फक्त माझ्याकडे पाहिलं. मग ओळीवर आलो. ४६ ओळी आणि नऊ कामं: छाटणी, पेस्टिंग, फेलफूट काढणे, डिपिंग, विरळणी वगैरे. एकूण ४१४ चिठ्ठ्या. प्रत्येकीला मुदत आणि प्रत्येकीला फोटो सक्तीचा. नाना म्हणाले, "ई-पीक पाहणीला सरकारला हंगामाला एक-दोन फोटो पुरतात. तुला तासाला लागतो. तू सरकारपेक्षा मोठा झाला का रे?"

मजुरांची टोळी सुरगाण्याकडची, दरवर्षीचीच. मुकादम हिराबाई. त्यांच्या फोनवर ॲप टाकून दिलं आणि दहा मिनिटं शिकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, हे ठरलेल्या उक्त्या पैशांतच धरायचं का याचे वेगळे?" मी नानांकडे पाहिलं. नाना आभाळाकडे पाहत होते.

पुण्याला परतलो. छाटणीचे दोन दिवस बरे गेले, म्हणजे संध्याकाळी नाना फोनवर आकडा सांगायचे आणि चिठ्ठ्या मीच सरकवायचो. मग पेस्टिंग आलं. ज्यांच्या घरी द्राक्षं फक्त डझनाने केळी घेतल्यावर वर टाकायला येतात त्यांच्यासाठी सांगतो: गोडी छाटणी, म्हणजे फळांसाठीची छाटणी, झाली की एक-दोन दिवसांत काडीच्या डोळ्यांना हायड्रोजन सायनामाईड लावावं लागतं, म्हणजे डोळे एकसारखे फुटतात. औषध जहाल असतं. हातमोजे घालायचे, आणि त्याच्या आगेमागे दारूच्या थेंबाला शिवायचं नाही. शिवलात तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, धाप लागते. माझ्या ॲपमधली एकही मुदत आमच्या गावाने पाळली नाही, ही मात्र भलेभले पाळतात.

तर पेस्टिंगच्या दिवशी सकाळी दहाच्या मीटिंगमध्ये मी हळूच बाग उघडली. 'करायचं' रकान्यात ४६ चिठ्ठ्या, 'चालू' रिकामा. नकाशा उघडला, तर टोळीचा निळा ठिपका बांधावरच्या बाभळीखाली. अकरा वाजता बाभळीखाली. बारा वाजता बाभळीखाली. ठिपका एकदा चार फूट हलला आणि माझ्या जिवात जीव आला, पण तो पुन्हा जागेवर गेला. इकडे आमचा साहेब पुढच्या तिमाहीबद्दल बोलत होता आणि मी टेबलाखाली एका बाभळीकडे बघत होतो. दोन वाजता राहवलं नाही. बाहेर येऊन फोन लावला.

"नाना, टोळी सकाळपासून बाभळीखाली बसलीय!"

"कोण म्हणतं?"

"मला दिसतंय इथे!"

पलीकडून बराच वेळ नुसता वाऱ्याचा आवाज आला. नाना चालत बांधापर्यंत गेले असावेत. "बाभळीला पिशवी टांगलीय," ते म्हणाले. "पिशवीत भाकरी, आणि भाकरीखाली हिराबाईचा फोन. बायांच्या हातात मोजे हायेत बाळा, औषधाचे. मोजे काढून तुझ्या चिठ्ठ्या सरकवू का डोळे पुसू?"

"मग चार फूट कशी हलली?"

"शेळी आली व्हती पिशवीला."

म्हणजे पगारी माणूस चार तास एका भाकरीवर उपग्रहातून पाळत ठेवून होता.

शनिवारी चाकण पार करून मी स्वतः गेलो. म्हटलं, ओळी मोजून एकदाचं हिरवं करून टाकू. पण बागेत शिरल्यावर मोजायची गरजच उरली नाही. कुठली काडी लावली आणि कुठली राहिली ते कळावं म्हणून औषधात लाल रंग मिसळतात. ओळीच्या तोंडाशी उभं राहिलं की शेवटच्या लोखंडी अँगलपर्यंत काड्या लाल दिसतात. मधेच एखादी करडी राहिली असली तर दहा पावलांवरून डोळ्यात खुपते. हिराबाईंनी तशी एक धरलीसुद्धा. एका पोरीला नावाने हाक मारली, पोरगी मागे आली, कुंचा फिरवला आणि पुढे गेली. तीन सेकंद. माझ्या ॲपमध्ये याला 'त्रुटी नोंदवा' म्हणतात, त्यात सहा रकाने भरावे लागतात. जेवायला सुटताना हिराबाईंनी ओळीच्या तारेला एक चिंधी बांधली. म्हणजे इथपर्यंत झालं. दुपारून आल्या, चिंधी सोडली आणि तिथूनच पुढे लागल्या.

मी ती चिंधी बराच वेळ बघत होतो. तिला चार्जिंग लागत नव्हतं.

पण हार मानेन तर मुकादम कसला! नोव्हेंबरात मी जिद्दीने फवारण्या नोंदवायला घेतल्या. एका रात्री नानांनी साडेअकरापर्यंत ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून डाऊनी रोगाचं औषध मारलं आणि मी पुण्यात चिठ्ठी हिरवी करून समाधानाने झोपलो. दीड वाजता अवकाळी आला, औषध धुऊन गेलं. सकाळी ॲपने विचारलं, 'पूर्ण झालेले काम पुन्हा उघडण्याचे कारण?' यादीत पाऊस नव्हता. मी 'ग्राहकाने मागणी बदलली' निवडलं. वरुणराजाला कुणी ग्राहक म्हटलं असेल तर ते मीच.

आणखी एक लचांड मी गळ्यात बांधून घेतलं. मोटरच्या मोबाईल स्टार्टरला स्वतःचा नंबर जोडून दिला. त्या आठवड्यात शेतीच्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची होती. रात्री एक वाजता एक बाई मला आपणहून फोन करून 'मोटर चालू झाली आहे' असं सांगायची. घरात माझी काय शोभा झाली ते लिहीत नाही.

जानेवारीत थंडी पडली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा घसरला की निफाडचं नाव पेपरात येतं, आणि आमच्याकडे मण्याला तडे जायची धास्ती येते. मी सुट्टी काढून घरी होतो. पहाटे चार वाजता ॲप किणकिणलं: 'सूचना: तापमान कमी.' मी धडपडत उठलो. नानांची गोधडी रिकामी. बागेत गेलो, तर त्यांनी अर्ध्या बांधावर शेकोट्या पेटवल्या होत्या, धूर ओळींमध्ये पसरत होता आणि ठिबक चालू होतं. मला बघून त्यांनी सरकून विस्तवाजवळ जागा केली.

"तुझ्या फोनमध्ये काय म्हणती बाग?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं. आवाजात टोमणा नव्हता, म्हणून मी फोन काढून दाखवला. दीड महिना कुणी चिठ्ठ्यांना हात लावला नव्हता. ओळ एक ते शेहेचाळीस, पेस्टिंग, फेलफूट, डिपिंग, विरळणी, वरपासून खालपर्यंत पडदा लालभडक.

नानांनी चष्मा पुसून नीट पाहिलं.

"लालच लाल हाये की सगळं," ते खूश होऊन म्हणाले. "म्हणजे झालं समदं. मग थंडीत कशाला उभा राहिला? जा, नीज जा."