रविवारची पुरवणी आणि फुगलेली खिडकी

जुलै लागला की वाड्यातल्या, चाळीतल्या लाकडी खिडक्या फुगून बसतात आणि घरातलं कोणीतरी पेपरची घडी घेऊन पुढे सरसावतं. झडप ओढायची, फटीत घडी कोंबायची, वर एक धपाटा. पेपरइतकी वाईट पाचर दुसरी नाही, हे माझं ठाम मत. तो रात्रभर पाणी पितो, सकाळी अर्धा हातात येतो आणि अर्धा चौकटीला चिकटून बसतो. पुढच्या आषाढापर्यंत वृश्चिकेला धनलाभच!

त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबची बोटभर रुंद पट्टी कापून, दुमडून घाला. रबर पाणी पीत नाही, दाबलं की दबतं आणि वाऱ्यात झडप खडखडत नाही. तुटक्या स्लिपरचा तुकडाही चालतो.

पण आधी दुखणं कुठलं ते बघा. बिजागरीसमोरचा खालचा कोपरा चौकटीवर घासतोय आणि त्याच बाजूला वर फट रुंदावलीय? मग लाकूड बिचारं निर्दोष आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन झडप लोंबलीय. झडपेखाली लाकडाचा तुकडा सारून तिचं वजन उचलून धरा आणि एका वेळी एकच स्क्रू काढा. भोकात फेविकॉलमध्ये बुडवलेल्या दोन-तीन काड्या ठोका; काड्यापेटीतल्या चालतील, गुल तोडून. मात्र काड्या लाकडाच्याच हव्यात. हल्ली मेणाच्याही येतात, त्यांत स्क्रू नुसता गरगरतो. पावसाचा थेट मारा असेल तर मरीन फेविकॉल घ्या. 24 तास थांबा, वर आलेल्या काड्या ब्लेडने कापा, स्क्रू पिळा. हे 24 तास कोणीही थांबत नाही, म्हणून हा उपाय बदनाम आहे.

लाकूडच फुगलं असेल तर झडपेच्या कडेला रंगीत खडू फासा आणि झडप ओढा. चौकटीवर जिथे रंग उठेल तिथे घासतंय. जागा सापडताच घरातला उत्साही माणूस रंधा शोधायला निघतो. त्याला चहा द्या आणि बसवा. लाकूड रेषांच्या लांबीत नाही, रुंदीत फुगतं. दोन्ही उभ्या पट्ट्या मिळून झडप दीड-दोन मिलिमीटर वाढते. तेवढं आत्ता तासलंत, तर एप्रिलमध्ये त्याच फटीतून डास सहकुटुंब येतील. बरेचदा अडतो तो ऑइलपेंटच, दर लग्नकार्याला एक थर चढलेला. खरखरीत, 80 नंबरच्या पॉलिश पेपरने तेवढाच उतरवा आणि कोरड्या कडेवर पांढरी मेणबत्ती घासा. साबण नको, तो ओलावा धरतो आणि स्क्रू गंजवतो. खोबरेलही नको, त्यावर धूळ बसते.

एवढं करूनही कडी कोयंड्याला दोन बोटं कमी पडतेच. इथे हातोडा काढू नका. काचेभोवतीची लांबी, म्हणजे पुट्टी, वाळून भुगा झालेली असते, दुसऱ्या ठोक्याला तावदान खालच्यांच्या तुळशीत. बांधकामाची बारीक तार दुहेरी करून कडी आणि कोयंडा यांतून ओवा आणि पक्कडीने दोन पीळ द्या. नायलॉनची दोरी ताणली जाते, सुतळी कुजते. स्वयंपाकघराच्या खिडकीला मात्र तार नको, तिथे ट्यूबची पाचरच ठेवा. गॅसचा वास आला, तर पक्कड कुठे ठेवलीय यावर घरात चर्चा व्हायला वेळ नसतो.