कोण पेपर टाकणार हे मशीनला आधीच कळतं म्हणे

अप्रेझलचे दिवस आले की ऑफिसच्या ग्रुपवर एक पोस्ट हमखास फिरते. मजकूर दरवर्षी थोडा बदलतो, गाभा तोच: 'तुमच्याकडचा कोण नोकरी सोडणार हे एआय आता ९५ टक्के अचूक सांगतं. पगार, ओव्हरटाइम, घर ते ऑफिस अंतर एवढी माहिती पुरते. एका कंपनीने यातून ३० कोटी डॉलर वाचवले. पेपर, म्हणजे राजीनामा, पडायच्या आधीच माणसाला गाठा.' खाली टाळ्यांचे इमोजी. पुण्यात गेली काही वर्षं माझं कामच हे आहे की पुढच्या तिमाहीत किती जण जातील ते सांगायचं, म्हणजे भरतीचा आकडा ठरतो. यंदा ही पोस्ट आमच्याच एका वरिष्ठांनी टाकली आणि खाली लिहिलं, 'आपण हे का करत नाही?' तर हे घ्या, का करत नाही ते.

आधी '९५ टक्के'. हा आकडा हवेतला नाही. एप्रिल २०१९ मध्ये आयबीएमच्या तेव्हाच्या प्रमुख जिनी रोमेटी यांनी न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत तो सांगितला होता, ३० कोटी डॉलरच्या आसपासची बचतही तिथलीच. आत नेमकं काय चालतं ते मात्र सांगितलं नाही. अचूक म्हणजे कशात अचूक, किती महिन्यांच्या आत, हे त्या परिषदेच्या बातमीत शोधून सापडत नाही. आणि इथेच सगळी मेख आहे. हजार माणसांची कंपनी घ्या, वर्षाला १२ टक्के गळती (नोकरी सोडून जाणारे). म्हणजे तिमाहीला साधारण ३० जण. आता मी डोळे मिटून म्हटलं की 'कोणीही जाणार नाही', तर ९७० जणांबाबत माझं बरोबर. अचूकता ९७ टक्के! आयबीएमपेक्षा दोन टक्के वर, खर्च शून्य.

बरं, उदार होऊ. समजा मशीन खरंच इतकं तयारीचं आहे की जाणाऱ्या शंभरातले ९५ ओळखतं आणि राहणाऱ्या शंभरातल्या ९५ जणांनाही बरोबर 'राहणार' म्हणतं. मग ३० पैकी २८ सापडले. पण राहणाऱ्या ९७० मधल्या पाच टक्क्यांवर, म्हणजे सुमारे ४९ जणांवर, उगाच शिक्का बसला. मॅनेजरच्या हातात ७७ नावांची यादी, त्यातली बहुतेक कुठेही न जाणाऱ्यांची. आणि हे झालं स्वप्नातलं मशीन.

'पगार, ओव्हरटाइम, अंतर एवढी माहिती पुरते' हे वाक्य कुठून येतं तेही मला माहीत आहे. कॅगल नावाच्या साइटवर आयबीएमच्याच लोकांनी सरावासाठी बनवलेला एक तक्ता आहे: १,४७० ओळी, त्यात २३७ 'सोडून गेलेले'. ही माणसं खरी नाहीत, आकडे काल्पनिक आहेत, आणि तसं तिथे स्वच्छ लिहिलंय. डेटा सायन्सचा कोर्स केलेला जवळजवळ प्रत्येक जण त्यावर एकदा हात साफ करतो आणि '९८ टक्के अचूक' म्हणून पोस्ट टाकतो. त्या तक्त्यात 'स्टँडर्ड अवर्स' नावाचा एक रकाना आहे, त्यात सगळ्या १,४७० जणांसमोर ८० लिहिलंय, म्हणजे कोण जाणार याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तारखेचा एकही रकाना नाही. माणूस कधी आला, कधी गेला, हेच नसेल तर भविष्य कसलं सांगणार? लग्नातला फोटो बघून घटस्फोटाची तारीख काढण्यातला प्रकार.

खऱ्या कंपनीच्या खऱ्या माहितीवर तरी चालतं ना, असं कोणी म्हणेल. याचा अनुभव मी घेतलाय, जरा सविस्तर सांगतो. आमच्याकडे असं मशीन विकणारा एक विक्रेता आला होता. आमचीच दोन वर्षांची माहिती घेऊन त्याने डेमो दिला, ९६ टक्के. सभागृहात सगळे खूश. मी विचारलं, मशीनला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला रकाना कुठला? उत्तर आलं: 'पुढच्या वर्षाची उद्दिष्टं भरली आहेत की नाहीत.' आता आमच्याकडे नोटीस पिरियड ९० दिवसांचा. कोणी पेपर टाकला की मॅनेजर त्याची उद्दिष्टं भरत नाही, ट्रेनिंगला त्याचं नाव देत नाही, कशाला देईल? आणि विक्रेत्याने माहिती उचलली होती शेवटच्या कामाच्या दिवसाची. म्हणजे जो माणूस तीन महिन्यांपूर्वीच राजीनामा देऊन बसलाय, त्याच्याबद्दल मशीन ठणकावून सांगत होतं की हा जाणार. हे शिपायालाही माहीत असतं.

तरी आम्ही एक महिना ते चालवून बघितलं. पहिल्याच यादीत, सर्वांत वर, लाल रंगात, तीन नावं होती. तिघीही बाळंतपणाच्या रजेवर. २६ आठवडे घरी असलेल्या बाईची उद्दिष्टं कोण भरणार? रकाना रिकामा, मशीनचा निष्कर्ष तयार. मग मी माहिती राजीनाम्याच्या तारखेच्या महिनाभर आधीची घेऊन तेच मॉडेल पुन्हा चालवलं, तेव्हा ते ९६ टक्के कापरासारखे उडून गेले.

बचतीच्या दाव्यावर फार शब्द खर्च करत नाही. ज्याला हाईक देऊन थांबवलं तो हाईकशिवायही थांबला असता का, हे कळायचं तर यादीतल्या निम्म्या लोकांना मुद्दाम काहीच न देता बघावं लागतं. ते कोणी करत नाही. मग 'अमुक जण थांबले गुणिले भरतीचा खर्च' असा गुणाकार करून बचत जाहीर होते.

शेवटचा मुद्दा, 'एवढी माहिती पुरते' यामागचं गृहीतक, की माणसाच्या माहितीतच उत्तर दडलंय. इन्फोसिसची गळती जून २०२२ ला संपलेल्या तिमाहीत, मागच्या बारा महिन्यांच्या हिशेबाने, २८.४ टक्के होती. मार्च २०२४ ला ती १२.६ वर आली. टीसीएसमध्ये सप्टेंबर २०२२ ला २१.५, मार्च २०२४ ला १२.५. या दीड-पावणेदोन वर्षांत लोकांची घरं ऑफिसच्या जवळ सरकली नव्हती. बाहेरच्या ऑफर आटल्या होत्या. कोविडनंतरच्या तेजीत ज्याच्या-त्याच्या हातात दोन-तीन ऑफर लेटर होती; मग अमेरिका-युरोपातल्या क्लायंटनी हात आखडले आणि तेच लोक मुकाट थांबले. फक्त आतली माहिती खाणाऱ्या मशीनला हे वारं कुठून कळणार?

मग मी पगार कशाचा घेतो? किती जाणार ते मोजता येतं, कोण जाणार ते सांगता येत नाही; पगार त्या मोजण्याचा. रुजू झाल्यापासून कितव्या महिन्यात शंभरातले किती गळतात, याचा तक्ता बऱ्यापैकी टिकतो. ज्यांनी अजून सोडलेलं नाही त्यांनाही हिशेबात धरायची पद्धत जुनी आहे, कापलान आणि मायर या संख्याशास्त्रज्ञांची, १९५८ ची. त्यात आपल्याकडची कॅलेंडरं मिसळायची: व्हेरिएबल पे (कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग) खात्यात पडला की पुढचे पंधरा दिवस, बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) संपला तो महिना, एमएसला अमेरिकेला निघालेली पोरं जुलै-ऑगस्टात. एवढं करून मी 'पुढच्या तिमाहीत ३०' म्हणतो, तेव्हा गळतीचा दर अगदी तंतोतंत बरोबर असला तरी निव्वळ योगायोगाने उत्तर २० ते ४० मध्ये कुठेही येऊ शकतं. भरतीला एवढं पुरतं. मीटिंगमध्ये मात्र प्रश्न ठरलेला असतो, 'ते ठीक आहे, पण कोण?'

त्या एका महिन्याच्या यादीत आमच्या टेस्टिंग टीममधली एक मुलगीही होती. ती कुठेही जायच्या विचारात नव्हती, मला नीट माहीत होतं, कारण तिने नुकताच वाकडला फ्लॅट बुक केला होता. पण यादी मॅनेजरने बघितली होती. ऑनसाइटसाठी, म्हणजे परदेशात क्लायंटकडे कामाला, नाव पाठवायची वेळ आली तेव्हा त्याने तिला वगळलं, 'हिला पाठवून उपयोग काय, जाणारच आहे.' तिला कारण कळलं नाही, वगळलेलं कळलं. चार महिन्यांनी तिने पेपर टाकला. विक्रेत्याच्या पुढच्या सादरीकरणात ती 'अचूक भाकीत' या रकान्यात होती.