आतडे अरुंद होण्यामागे क्षयरोगही असू शकतो

मोठे आतडे अरुंद होण्याविषयी वाचलेल्या एका लेखात त्याचे कारण म्हणून सारा भर कर्करोगावर दिला आहे, आणि उतारवयात तो आधी तपासून पाहणे योग्यच आहे. तरीही भारतातील वाचकांसाठी लिहिताना आतड्याच्या क्षयरोगाचा उल्लेखही नसावा, हे मला खटकले. बेंबीच्या उजवीकडे खाली, जिथे लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते, तिथे हा रोग सर्वाधिक आढळतो आणि तिथले व्रण भरून येताना आकसल्यामुळे मार्ग चिंचोळा होतो. जेवणानंतर पोटात पीळ पडणे, गुरगुर होऊन गोळा फिरल्यासारखे वाटणे आणि मग दुखणे एकाएकी थांबणे, ही तक्रार ‘गॅस’ समजून महिनोन्‌महिने अंगावर काढली जाते. क्रोन्सचा आजारही (आतड्याला दीर्घकाळ सूज आणणारा विकार) हुबेहूब असाच दिसतो, आणि त्यावर सूज कमी करणारी स्टेरॉइड औषधे देतात. म्हणून कोलोनोस्कोपीत (गुदमार्गातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत) आतड्याचा छोटा तुकडा काढून तपासण्यापूर्वीच स्टेरॉइड सुरू करणे घातक ठरू शकते, कारण त्याने क्षयरोग बळावतो. डायव्हर्टिक्युलायटिसनंतरचे (मोठ्या आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या छोट्या पिशव्या सुजल्यानंतरचे) आकुंचन आणि आतड्याला पडणारा पीळ यांचाही विचार व्हायला हवा. पोट फुगले आहे, उलट्या होत आहेत आणि वारासुद्धा सरत नाही, अशा वेळी कृपया एरंडेल किंवा जुलाबाच्या गोळ्या देऊ नका. शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय तत्काळ गाठा.