झेड फॉर झिरो फाटा

परवा दुकानातल्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क मेली. तीन दिवस टकटक वाजत होती, मी आपला पंख्याचा आवाज असेल म्हणून डब्याला वरून थापट्या मारत राहिलो. नवीन एसएसडी बसवली, रिपेअरवाल्या पोरानं विंडोज ११ टाकून दिलं (१० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला म्हणे), आणि मी कपाटातून सीडी काढली. डिझाईनचं सॉफ्टवेअर, २००८ चं, व्हॅट भरून पक्क्या बिलावर घेतलेलं. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच कशाला.

नवीन घे की, असं सगळेच म्हणतात. अहो, सतरा वर्षांच्या लग्नपत्रिका त्याच फायलींत आहेत, आणि त्यातले मराठी फॉन्ट युनिकोडच्या आधीचे, म्हणजे आतून इंग्रजी अक्षरं अन् वरून देवनागरीचा सदरा. फॉन्ट निघाला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी डॉलर, टक्का आणि कंस येऊन बसतात. शिवाय आता सगळं भाड्यानं. फोटोशॉपवाल्यांनी २०१३ साली ती चाल पाडली, की एकदाच विकत द्यायचं नाही, दरमहा पैसे मोजत राहा. आमच्या धंद्यात चार महिने लग्नसराई आणि बाकी आठ महिने वाढदिवसाचे फ्लेक्स, त्याची उधारी अजून यायचीय, दरमहा कुठून मोजू?

तर सीडी. नवीन डब्यात सीडी टाकायला जागाच नाही. शेजारच्या फोटो स्टुडिओतून बाहेरून लावायची ड्राईव्ह मागून आणली. मग म्हणे आधी डॉट नेट ३.५ पाहिजे, ते नेटवरून उतरतं, आणि नेट लाईटीसोबत गेलेलं. दोन्ही आले तर एरर १६०३. त्याचा अर्थ काय, तर इन्स्टॉल करताना मोठी चूक झाली. कोणती ते सांगणार नाही. पोट दाबून डॉक्टरनं "दुखतंय" असं सांगून फी घ्यावी तसं. अँटीव्हायरस बंद केला, टेम्प फोल्डर रिकामं केलं, राईट क्लिक करून कंपॅटिबिलिटीत जाऊन विंडोज ७ चं सोंग घ्यायला लावलं, तेव्हा कुठं चढलं. आणि चढल्यावर म्हणतं, हा कॉम्प्युटर वेगळा आहे, आधी जुन्यावरचं लायसन काढा. जुना मेलाय ना बाबा! मयतानं स्वतः बँकेत येऊन हयातीचा दाखला द्यायचा, असला प्रकार. ऑनलाईन ॲक्टिव्हेशनचं बटण दाबलं तर सर्व्हर सापडेना. राहिला फोन.

आणि नेमके तेव्हा मामा आले. माझे कुणी नाहीत ते, पण सगळी गल्ली मामाच म्हणते. नातवाची पत्रिका करायची होती, हातात वहीचं पान, त्यावर मानपानाच्या क्रमानं बावन्न नावं, लग्न झिरो फाट्याजवळच्या मंगल कार्यालयात. पंचवीस मिनिटं गाणं ऐकून पलीकडं एक पोरगी आली. मी स्पीकर लावला, हीच चूक.

"सर, आप कहाँ से बात कर रहे हैं?"

"परभणी."

"प्रभानी? सर, ये कौन सी स्टेट में आता है?"

मामांनी फोनवर तोंड घातलं. "परभणी माहीत नाही? जगात जर्मनी अन् भारतात परभणी!"

"सर, जर्मनी से हैं तो आपका हेल्पलाईन नंबर अलग होगा."

तिला जर्मनीतून परत आणायला माझी पाच मिनिटं गेली. मग तिनं स्क्रीनवरचा कोड वाचायला सांगितला. अठ्ठावीस अक्षरं. मी म्हटलं, जे. ती म्हणे जी? मी म्हटलं जे फॉर जिंतूर. मामा लगेच, "जिंतूरवाल्याचं नाव कामून घ्यायलास? जेवायला सुदीक थांबले नाहीत साखरपुड्याला." मी दुर्लक्ष करून एम फॉर मानवत म्हटलं. "मानवतचे व्याही आपले, त्यांचं आधी घ्यायचं ना! तुला मानपान कळंना का?" मी हात जोडले, मामा, हा कोड आहे, क्रम माझ्या हातात नाही. "मग कोणाच्या हातात हाय? त्या बाईला म्हणाव वर घे." जी फॉर गंगाखेड आलं तेव्हा जनाबाईचं गाव म्हणून मामांनी टोपीला हात लावला, तेवढाच काय तो एक अक्षरापुरता बिनतक्रार वेळ.

मग आला झेड. मी तोंड उघडायच्या आत मामा ओरडले, "झेड फॉर झिरो फाटा!"

"सर, झेड या झिरो?"

"झिरो! झिरो फाटा!"

तिनं शून्य मारलं. मला कसं कळलं? कळलंच नाही. अठ्ठावीस अक्षरं संपल्यावर ती म्हणाली कोड चुकीचा आहे. परत सगळं पहिल्यापासून, परत जिंतूर, परत ते जेवण.

दुसऱ्यांदा कोड बरोबर निघाला. ती थोडं थांबली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "सर, इस व्हर्जन का ॲक्टिव्हेशन अब बंद हो चुका है. नया प्लॅन लेंगे?"

मग अठ्ठावीस अक्षरं दोनदा कशाला वाचून घेतली? व्हर्जन तर मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं! रात्री झोप लागली नाही हो मला, खरंच. समोरच्या दुकानात हेच सॉफ्टवेअर, हेच व्हर्जन, क्रॅक मारलेलं, बारा वर्षांत त्याला कुणी एक अक्षर विचारलं नाही. बिलाची फाईल मात्र माझ्याकडं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपलेली. ती पलीकडच्या बाईला दाखवणार होतो, फोनवर कशी दाखवू?

"मग पत्रिका कव्हा देतोस?" मामांनी विचारलं. म्हटलं, मामा, ऐकलंत ना सगळं. "ते ऐकलं रे. पत्रिका कव्हा?"

गेले समोर. संध्याकाळी प्रूफ घेऊन परत माझ्याकडंच आले, स्टूल ओढून बसले. "त्या पोराला काना-मात्रा कळंना. तुझी नजर बारीक हाय, चुका काढ."

तीन निघाल्या. दोन सांगितल्या.